दोन सूत मागे

डॉक्टरबाईंनी माझ्या मुलीच्या डोक्याचा एक्सरे उजेडाच्या पाटीवर लावला, पेनाच्या टोकाने खालच्या जबड्यावर एक रेघ दाखवली आणि म्हणाल्या, "इथून कापून एवढं मागे घ्यायचं. साधारण सहा मिलिमीटर."

'फक्त' हा शब्द त्यांनी वापरला नाही, पण आवाजात तो होता. मी शिवणकाम करते. कसबा बावड्यात आमच्या घराची पुढची खोली म्हणजेच माझं दुकान, आणि गेली पंचवीस वर्षं टेप माझ्या गळ्यात आहे. सहा मिलिमीटर म्हणजे त्या टेपवरचे दोन सूत. दोन सुतांत काय होतं ते मला कुणी शिकवायला नको. मुंढ्यात दोन सूत कमी पडले तर बाईला हात वर करून एसटीची दांडी धरता येत नाही. गळ्याला दोन सूत जास्त गेले तर ती तो ब्लाउज कपाटाच्या तळाशी टाकते आणि सहा महिने माझ्या दारात येत नाही. आणि कापड निदान उसवता तरी येतं.

मुलगी शेजारच्या खुर्चीत बसून स्वतःच्या कवटीकडे असं बघत होती की जणू ती लांबच्या कुणा पाहुण्याची आहे. "बरी दिसती की गं आई, आतनं," ती म्हणाली. डॉक्टरबाई हसल्या. मला तिला एक चापट द्यावीशी वाटली.

तेव्हा ती सतरा वर्षांची होती. आधी दोन वर्षं दातांना तारा, हाडाची वाढ थांबली की ऑपरेशन, मग पुन्हा थोडे दिवस तारा, असा सगळा बेत होता. तिचा खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे होता. पुढचे दात एकमेकांना लागतच नसत. तोंड मिटलं तरी आत फट राहायची.

हा जबडा तिला मी दिला. मला माझ्या वडिलांनी दिला. त्यांचं पेठ वडगावात भुसाराचं दुकान होतं, आणि पुरुषाला असा जबडा असला की लोक म्हणतात, माणूस खमक्या दिसतो. माझ्या दोन्ही भावांच्या वाट्याला तो आला नाही, माझ्याच आला. शाळेत मला 'ड्रॉवर' म्हणायचे. टेबलाचा ड्रॉवर अर्धवट उघडा राहिला की दिसतो तसा. "ए ड्रॉवर, बंद हो की!" असं ओरडून पोरं सायकलीवरून जायची. मी काही गप्प बसणारी नव्हते, दोन-तीन जणांना चांगले दगड बसले आहेत माझ्या हातचे. पण वर्गाच्या प्रत्येक फोटोत माझा एक हात हनुवटीवर आहे. लग्नाच्या अल्बममध्येही मी खाली बघते आहे. सगळे म्हणतात, केवढी लाजली होतीस. लाजते कसली!

मुलगी झाली तेव्हा नर्सने तिला माझ्यासमोर धरलं आणि म्हणाली, "आईचीच झेरॉक्स हाय बघा." लोक बाळाची बोटं मोजतात. मी हनुवटी बघितली. पण बाळांच्या हनुवट्या सगळ्या सारख्याच असतात, लोण्यासारख्या. दहाव्या वर्षापर्यंत ती तशीच राहिली आणि मी मनातल्या मनात देवाला हात जोडत राहिले. मग एका दिवाळीला तिच्या ड्रेसचं माप घेताना मी खाली वाकले आणि बाजूने तिच्या तोंडाकडे बघितलं. माझी नजर मापाची आहे, ती फसत नाही. जबडा निघाला होता. मी टेप तशीच टाकून आत गेले आणि न्हाणीघरात नळ सोडून रडले.

इथे एक गोष्ट कबूल करते. दवाखान्यात मी तिला नेलं. तिने कधी "मला न्या" म्हटलं नव्हतं. मी म्हणाले चल, तिने चपला घातल्या. ऑपरेशन ठरल्यापासून मला भुलीची भीती वाटत होती, रक्ताची वाटत होती, हाड कापायच्या करवतीची तर फारच वाटत होती. पण त्या सगळ्या भीतींच्या खाली आणखी एक होती, आणि ती मी कुणालाच सांगितली नव्हती. हे मी तिच्यासाठी करते आहे, की माझ्या तोंडावरचा राग तिच्या तोंडावर काढते आहे? चांगल्या खेळत्या-हसत्या मुलीला मी टेबलावर झोपवणार होते, आणि तिला ते हवं आहे की नाही हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. विचारायचं धाडसच होत नव्हतं. ती "नको" म्हणाली तर? आणि नुसतं माझं मन राखायला "हो" म्हणाली तर?

तारांची दोन वर्षं वाईट गेली. ऑपरेशनआधी दात आपापल्या जागी सरळ करतात, त्यामुळे जबडा आणखीच पुढे दिसायला लागतो. हे डॉक्टरबाईंनी आधी सांगितलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि रोज ताटासमोर बघणं वेगळं. माझ्या गिऱ्हाईक बायका तर तोंडाला कुलूप लावून जन्मलेल्याच नाहीत.

"अवो, ह्ये उलटंच झालं की! आदी बरं हुतं," एकजण मुलीच्या देखत म्हणाली.

"तुमचा मागच्या म्हैन्यातला ब्लाउज आधी पुरा उसवलो, मगच बसला न्हवं अंगात? तसंच हाय ह्ये," मी म्हणाले. आमच्याकडे बायकाही 'आलो-गेलो'च म्हणतात. लिहिताना मी ते सुधारते, भांडताना नाही.

ती बाई गेल्यावर मुलगी म्हणाली, "तिच्या बाह्या आखूड कर आता." ही अशी पोरगी. रडायच्या जागी विनोद करते, त्यामुळे तिच्या मनात काय आहे याचा पत्ता लागत नाही. हा गुण तिच्या वडिलांचा. ते साखर कारखान्यात आहेत, शिफ्टमध्ये. दिवसभरात वीस वाक्यं बोलतात आणि त्यातली पंधरा चेष्टेची असतात.

शेवटी एकोणिसाव्या वर्षी ऑपरेशनची तारीख मिळाली. सर्जननी एक कागद दिला. आदल्या रात्री बारानंतर पोटात काही जाऊ द्यायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. ऑपरेशननंतर सहा आठवडे चावायचं नाही, सगळं पातळ. खालचा ओठ बधिर होईल, तो काही महिन्यांत जागा होतो, क्वचित कुणाचा थोडा बधिर राहतो. त्या वाक्याखाली सही करायची होती. माझा पेन तिथे थांबला.

"म्हंजे आमटी सांडली तरी मला कळणार न्हाई?" मुलीने सर्जनना विचारलं.

"थोडे दिवस आरसा समोर ठेवून जेवायचं," ते म्हणाले.

"मग घरात सगळ्यात जास्त आरसा मीच बघणार," ती म्हणाली, आणि माझ्या हातातला पेन काढून घेऊन स्वतःच्या नावाच्या जागी तिने आधी सही केली. मग मी केली.

तो कागद मी फ्रीजच्या दारावर चिकटवला. खाली लाल स्केच पेनाने माझ्या स्वतःच्या सूचना लिहिल्या. आणि मग मी घराला जेरीस आणलं, हे मला मान्य आहे. नाचणीची आंबील, डाळीचं पाणी, भोपळ्याचं सूप असं सगळं आठवडाभर आधीच मिक्सरमधून काढून गाळून बघितलं. मुलगी एकेक वाटी हुंगायची. "आई, हे प्यायाचं हाय का भिंतीला लावायचं?" नवऱ्याचा शेंगदाण्याच्या चिक्कीचा डबा मी माळ्यावर टाकला, कारण आदल्या दिवशी घरात कुणी काही कुरकुरीत खाल्लं आणि पोरीला वास लागला तर? वडगावहून आईचा फोन आला, जाताना पोरीच्या तोंडात काहीतरी गोड घाल म्हणून. मी आईवर ओरडले. "तोंडात काय घालायचं न्हाई म्हणून डॉक्टरनी सांगितलंय. तुमाला कुणाला काय कळतंय का न्हाई?" आईने फोन ठेवला. नवरा म्हणाला, "डॉक्टरपेक्षा हिचीच भीती वाटाय लागलीया." त्याच्याशी मी त्या दिवशी बोलले नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी साडेसहाला रिक्षा दारात आली. मुलीने अंघोळ करून केस घट्ट बांधले होते. कानातलं, बांगडी, पैंजण सगळं मी आदल्या दिवशीच काढून घेतलं होतं, त्यामुळे ती एकदम शाळेतल्यासारखी दिसत होती. नवरा पिशव्या आणि फाइल घेऊन बाहेर गेला. मुलगी देवाला नमस्कार करून आली आणि माझ्या पाया पडायला वाकली. मला काही सुचेना.

आमच्या घरातून कुणी मोठ्या कामाला बाहेर पडलं तर हातावर दही-साखर घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. दहावीच्या प्रत्येक पेपरला मी तिला दिली आहे. बारावीला दिली, गाडीच्या लायसनला दिली, तारा बसवायला गेलो त्या दिवशीही दिली. मी फ्रीजचं दार उघडलं. ज्या दारावर तो कागद होता तेच दार. आतून दह्याची वाटी काढली, वर साखर भुरभुरली, आणि एक चमचा तिच्या हातावर ठेवला. तिने क्षणभर हाताकडे बघितलं, मग नेहमीसारखी जिभेने टिपून खाल्ली आणि माझ्या पदराला हात पुसला. रिक्षावाल्याने हॉर्न दिला. आम्ही निघालो.

दवाखान्यात तिला हिरवा अंगरखा दिला. भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या, माझ्याएवढ्याच वयाच्या, चष्मा नाकावर. त्यांनी फाइल बघितली, मुलीची जीभ बघितली, मान वर-खाली करायला सांगितली.

"रात्रीपासून काही खाल्लंस?"

"न्हाई," मुलगी म्हणाली.

"पाणी वगैरे?"

"न्हाई."

मी बाजूला उभी राहून शिस्तीने मान हलवत होते. दोनदा हलली आणि तिसऱ्यांदा मध्येच थांबली.

"खाल्लंय," मी म्हणाले. "दही. मी दिलं."

मुलीने माझ्याकडे बघितलं. ती दचकली नव्हती. तिला चांगलं आठवत होतं.

"दही?" डॉक्टरांनी चष्मा काढला. "कधी?"

"निघताना. साडेसहाला. हातावर देतात की, तसं. साखर घालून."

त्यांनी फाइल मिटली. मग म्हणाल्या, "अहो, माझ्या सासूबाई मलाही देतात. पण टेबलावर मी झोपायची नसते." आणि मग त्यांनी मला नीट समजावलं, मुलीसमोर नाही, बाहेर नेऊन. भुलीत पोटातलं वर येऊ शकतं. वर आलेलं श्वासाच्या नळीत गेलं तर माणूस जाऊ शकतो. दुपारपर्यंत थांबता आलं असतं, पण दुपारी थिएटर दुसऱ्यांचं होतं. आज होणार नाही, चार दिवसांनी. "तुम्ही सांगितलंत ते फार चांगलं केलंत," त्या शेवटी म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्याच पिशव्या आणि फाइल घेऊन आम्ही परतीच्या रिक्षात बसलो. बावड्याच्या वळणावर नवऱ्याने रिक्षाबाहेर बघत विचारलं, "चिक्कीचा डबा आता काढू का खाली?" आणि मुलगी हसायला लागली. मग तोही. मी एकटी रडत होते, तर रिक्षावाला आरशातून बघून म्हणाला, "काय झालं वो पावणं? कुणाचं काय वंगाळ झालं का?" "न्हाई वो," नवरा म्हणाला, "दह्यावर निभावलं."

गल्लीत सगळ्यांना तासाभरात कळलं. पण मला खरी बोचणी होती ती त्या "न्हाई"ची. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी दुकानात माझ्यासमोर बसून एका ब्लाउजला हुक लावत होती. सुट्टीत ती मला असं हातकाम करून देते. मी मशीन थांबवलं.

"डॉक्टरना खोटं का बोललीस?"

तिने मान वर केली नाही. "तू सगळ्यांना वरडत हुतीस. आज्जीला, पप्पांना. कागद लावलीस. आणि तूच... सगळ्यांच्या म्होरं तुझी काय दशा झाली असती?"

"आणि माझ्या दशेसाठी तू मरणार हुतीस?"

"चमचाभर दह्यानं कोण मरतंय?"

"बरं, खोटं नंतर. खाल्लंस कशाला? तुला आठवत हुतं ना, चालत न्हाई ते?"

"आठवत हुतं की." ती हुक टाचत राहिली. "पण तू दिलीस. तू देतीयास म्हंजे चालत असंल, असं वाटलं."

हेच तर होतं. मी हातावर जे ठेवीन ते ही पोरगी गिळते. जबडा दिला, घेतला. दवाखाना दिला, घेतला. दही दिलं, तेही घेतलं. जे दोन वर्षं विचारलं नव्हतं ते मग मी विचारलं. ती आता एकोणीस वर्षांची आहे, सही तिची आहे. "अजून तीन दिवस हाईत," मी म्हणाले. "तुला नको असंल तर नको म्हण. आत्ता म्हण. मी कुणाला काय वाटू देणार न्हाई. तुला असंच राहायचं असंल तर तू मला अशीच चांगली हाईस."

तिने हुकाची गाठ मारली आणि दोरा माझ्यासमोर धरला. "ह्यो तोडून दाखव."

मी सवयीने कातर उचलली.

"कातर न्हाई. दातानं."

शिवणकाम करणारी कुठलीही बाई दोरा दाताने तोडते. मी ज्यांच्याकडे शिकले त्या बाई मला रोज बोलायच्या, कातर शोधण्यात अर्धा दिवस घालवतीस म्हणून. माझे पुढचे दात एकमेकांना भेटत नाहीत, दोरा मधून नुसता सुटतो. मुलीचंही तेच.

"सगळं जग दोरा दातानं तोडतंय, आपण दोघीच कातर हुडकतोय," ती म्हणाली. "मला पायजे ऑपरेशन. मलाच पायजे."

"दोऱ्यासाठी कुणी हाड कापून घेतं का?"

"मी घेतो," ती म्हणाली आणि पुढचा हुक उचलला.

मला हायसं वाटायला हवं होतं. दोन दिवस वाटलंही. पण जी मुलगी आदल्याच दिवशी माझी लाज राखायला डॉक्टरांशी खोटं बोलली होती, तिचं हे तरी खरं कशावरून? आईला बरं वाटावं म्हणून मुली काय वाट्टेल ते बोलतात. मीही बोलत आले आहे. माझी शंका गेली नाही, नुसती मागच्या खोलीत जाऊन बसली.

चार दिवसांनी पुन्हा रिक्षा आली. नवरा फ्रीजला पाठ लावून उभा राहिला होता, आम्ही दोघी उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत. मी मुलीच्या हातावर नुसता माझा हात ठेवला. ऑपरेशन चार तास चाललं. मी सोबत एक ब्लाउज नेला होता, हातांना काम हवं म्हणून. सहाच्या सहा हुक उलट्या बाजूला लावले आणि घरी येऊन सगळे उसवले.

तिला बाहेर आणलं तेव्हा तोंड भोपळ्यासारखं सुजलेलं होतं, हनुवटीभोवती गार पट्टी, ओठांवर व्हॅसलीन. पहिल्यांदा मी ओळखलंच नाही, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. जबडे आतून रबरांनी बांधलेले होते. तिने डोळे उघडले, मला बघितलं आणि बोटाने हवेत एक गोल काढला. आरसा. मी तिला आरसा दिला नाही. तिने डोळ्यांनीच मला शिव्या दिल्या, आणि तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

मग सहा आठवडे आंबील, डाळीचं पाणी, भोपळा. ती कंटाळली, चिडली, एकदा वाटी भिंतीवर फेकली. म्हणजे भिंतीला लावलीच शेवटी. ओठ बधिर होता, त्यामुळे खरोखरच तिला सांडलेलं कळायचं नाही आणि मी तिच्यामागे रुमाल घेऊन फिरायची. हळूहळू सूज उतरली आणि आतून एक मुलगी बाहेर आली. सुरेख दिसत होती. गल्लीतल्या बायका हनुवटीला हात लावून बघत होत्या. "आता कुणासारखी दिसतीया गं ही?" एकीने विचारलं. दुसरी म्हणाली, "बापावर गेलीया की."

मला ते लागलं. इतकं लागेल असं वाटलं नव्हतं. दहा वर्षं जे निघू नये म्हणून मी देवाला साकडं घातलं, ते गेलं तर मला आनंदच व्हायला हवा होता. झालाही. पण बाजारात कुणीही अनोळखी माणूस आमच्याकडे बघून "तुमची पोरगी व्हय?" म्हणायचा, ते आता कुणी म्हणणार नाही. ड्रॉवर घरात माझा एकटीचाच उरला. आणि मागच्या खोलीतली शंका परत पुढे येऊन बसली. माझ्यासारखं दिसू नये म्हणूनच मी हे केलं असेन, तर ती माझ्याकडे बघताना आता काय बघत असेल?

सातव्या आठवड्यात तारांच्या डॉक्टरबाईंकडे तपासणी होती. त्यांनी तिचं तोंड उघडून बघितलं, दात मिटायला सांगितले, एक पातळ कागद दातांत धरून ओढून बघितला. कागद सुटला नाही. त्या खूश झाल्या. मुलगी खुर्चीतून उतरली, आणि मी फाइल घेऊन उठले, तर बाई म्हणाल्या, "तुम्ही कुठे निघालात? या, बसा."

"मी?"

"तुमचा नंबर आहे. तुमच्या मुलीने ऑपरेशनच्या आधीच माझ्याकडून कबूल करून घेतलंय. तिचं झालं की आईचं बघायचं. पहिल्या वर्षापासून मागे लागली होती."

माझं टाळकंच सरकलं. मी मुलीकडे वळले. "माझ्या तोंडाला काय झालंय? ह्या वयात आता मला कुणाला दाखवायचंय?"

"तोंडाला काय न्हाई झालं गं," ती म्हणाली. ओठ अजून पुरता जागा झाला नव्हता, शब्द थोडे बोबडे येत होते. "तोंड छान हाय तुझं. तुला खाता येत न्हाई. तू रोज भाकरी दुधात कुस्करून खातीस. पप्पांना, मला, सगळ्यांना वाटायचं, तुला तशीच आवडती. माझा जबडा दुखाय लागला तेव्हा मीबी तशी खाय लागलो, तवा मला कळलं."

तिने माझ्या खांद्याची पर्स काढून घेतली आणि मला खुर्चीकडे ढकललं, अगदी मी तिला लहानपणी ढकलायची तसं. मी बसले. दिवा तोंडावर आला. डॉक्टरबाईंनी दोन्ही कानांपुढे बोटं ठेवली आणि तोंड उघडून मिटायला सांगितलं.

"ऑपरेशन नाही करायचं तुम्हाला, घाबरू नका," त्या म्हणाल्या. "झोपताना घालायची एक प्लेट देता येईल, आराम पडेल. इथे दुखतं? चावताना?"

"हो."

"रोज?"

"हो."

"कधीपासून?"

मी आठवून बघितलं. शाळेत होते तेव्हापासून असेल.

"मग एवढी वर्षं कुणाला दाखवलं कसं नाही हो?"

"मला वाटायचं," मी म्हणाले, "जेवताना सगळ्यांनाच दुखतं."